नमुना क्रमांक शून्य

प्रा. शिवदास गजघाटे यांच्या नावावर त्या रविवारी एकतीस मेंटी, चार पीएचडीचे विद्यार्थी, दोन समित्या, एक बायको आणि एक मुलगी एवढा ऐवज होता. यातल्या शेवटच्या दोघींबद्दल कॉलेजचं कुठलंही परिपत्रक नसल्यामुळे त्यांचा नंबर परिपत्रकं संपल्यावर लागे. परिपत्रकं संपत नसत.

मेंटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. कॉलेज प्रत्येक प्राध्यापकाला तीसेक मुलं वाटून देतं. त्यांना दर महिन्याला भेटायचं, अडीअडचणी विचारायच्या आणि प्रत्येकाच्या मार्गदर्शन डायरीत शेरा देऊन सही करायची, असा नियम आहे. नियम सुंदर आहे. प्रत्यक्षात, मूल्यांकन समिती तीन आठवड्यांवर आली की सगळ्या डायऱ्या पिशवीत घालून घरी आणायच्या आणि जून ते मार्च एका बैठकीत उरकायचे, अशी पद्धत आहे. शिवदास तर या बाबतीत शास्त्रीय वृत्तीचा माणूस. घाटकोपर स्टेशनबाहेरून त्याने खास रबरी शिक्का करून घेतला होता. ‘समाधानकारक. अशीच प्रगती राहो.’ खाली सहीपुरती रेघ. सिद्धेश नावाचा एक मेंटी जुलैतच कॉलेज सोडून साकीनाक्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागला होता. त्याचीही मार्चपर्यंतची प्रगती समाधानकारक निघाली.

तर शिक्क्याला शाई होती, हाताला लय आली होती, आणि अशा ऐन रंगात सहावीतली सम्यका आपली वही घेऊन समोर उभी राहिली. वहीचं नाव ‘माझं रोप’. एकेका पानावर एकेक दिवस, असे एकवीस दिवस. वर निरीक्षण, मध्ये चित्र, आणि तळाला चौकट: सोबत बसलेल्या पालकांचा शेरा व सही.

“पप्पा, रोज बघायचंय. मी लिहायचं आणि तू शेरा द्यायचा. सोबत बसून.”

“दे इकडे.”

ठप, ठप, ठप. एकवीस ठप आणि एकवीस सह्या. चार मिनिटांत काम तमाम.

“पप्पा! अरे, मी अजून बी पण नाही लावलं!”

“मग आता निवांत लाव. कागदपत्रं पूर्ण असली की पुढचं सगळं सोपं असतं, बेटा.”

सपना कपड्यांच्या घड्या घालत होती. ती नुसतीच म्हणाली, “वा, सर.”

लग्नाला चौदा वर्षं झाली. एरवी ती त्याला शिवदास म्हणते. सर म्हणाली की समजायचं. पण शिवदास तेव्हा बत्तिसाव्या डायरीच्या शोधात होता, आणि बत्तिसावी डायरी नव्हतीच. त्याला मोकळं मोकळं वाटलं. सम्यकाने स्वयंपाकघरातल्या वालांतून एक दाणा निवडला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात माती भरली, दाणा खोचला आणि डबा खिडकीत ठेवला.

गुरुवारपर्यंत काही उगवलं नाही.

आता वाल उगवत नाही ही काही मुलुंड पूर्वेला हादरवून सोडणारी बातमी नव्हे. पण शिवदास वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक होता, आणि शिल्पकार सोसायटीला ते माहीत होतं. त्याची पीएचडी खाडीतल्या शेवाळावर होती. मातीला त्याने शेवटचा हात लावला त्याला अकरा वर्षं झाली होती. पण एवढ्या बारकाव्यात सोसायटी शिरत नसे. जिन्यात गाठून लोक विचारत, “सर, कढीपत्ता पिवळा पडलाय.” तो म्हणे, “ऊन दाखवा.” मेंटींनाही तो साधारण हाच सल्ला देई.

शुक्रवारी सकाळी तळमजल्यावरच्या शांताबाईंनी त्याला गेटजवळ अडवलं. त्या मूळच्या मालवणच्या. आवाज अजून तिथवर पोचेल असाच.

“काय ओ सर, तुमचो वाल अजून रुजलो नाय म्हणे?”

“होईल हो. वेळ लागतो.”

“माका काय सांगतास? आमच्या परसात थुंकलेलो वाल पण रुजता! पाणी कमी पडला असतला.”

“कमी नाय, जास्ती!” वॉचमन दशरथ स्टुलावरून म्हणाला. “पोरगी दिवसातून चार वेळा पाणी घालते ना. बी बुडून मेलं असणार, सर.”

“ऊन नाही मिळत,” असं म्हणत सेक्रेटरी चंद्रप्रकाश लिफ्टमधून बाहेर आले. ते निवृत्त झालेत, पण कुठून ते कोणालाच नक्की माहीत नाही. निवृत्त मात्र पूर्णवेळ आहेत. “आणि सर, तुम्ही स्वतः प्रोफेसर असून असं व्हावं, म्हणजे जरा... नाही का?”

हे ‘नाही का’ शिवदासला लागलं. दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर चंद्रप्रकाशांनी टाकलं, ‘गजघाटे सरांच्या वालाबद्दल कोणाला काही उपाय माहीत असल्यास कळवावे.’ अकरा उपाय आले. त्यांतल्या एकात ताक होतं.

त्या दिवशी तिसरं लेक्चर त्याने कसं घेतलं ते त्याचं त्याला माहीत. विषय होता बीजांकुरण. मागच्या बाकावरून कोणी हसलं तरी त्याला वाटे, यांनाही कळलंय.

संध्याकाळी सम्यका म्हणाली, “पप्पा, एकदा येऊन बघ ना. उकरू का थोडं?”

“उकरू नकोस. मी बघतो काय करायचं ते.” आणि त्याने बघितलंही. डब्याकडे नव्हे, फोनवर तेजलचा नंबर.

तेजल त्याची पीएचडीची विद्यार्थिनी. घाटकोपरची. हुशार, नेमकी, आणि दोन वर्षांपासून आपलं तिसरं प्रकरण सर कधी वाचतायत याची वाट बघणारी. सरांनी आपण होऊन फोन केलाय म्हटल्यावर तिने पहिल्या रिंगला उचलला.

“तेजल, एक छोटंसं काम आहे. एक वालाचा दाणा उगवून दाखवायचा.”

“हो सर. किती नमुने?”

“नमुने कसले? एक डबा आहे.”

“सर, एका डब्यावरून निष्कर्ष नाही ना काढता येणार. तुम्हीच शिकवलंय.”

आपण शिकवलेलं कोणाच्या तरी लक्षात आहे, या आनंदात शिवदासने होकार दिला. माणसं अशीच वाहवत जातात.

शनिवारी तेजल नर्सरीच्या अठ्ठेचाळीस काळ्या पिशव्या, चार प्रकारची माती आणि पाच किलो वाल घेऊन हजर झाली. पाच किलो का, तर दुकानदाराने विचारलं, “कितने लोगों का खाना है?” आणि ती गोंधळली. अठ्ठेचाळीस पिशव्या खिडकीत मावत नाहीत. राहता राहिली गच्ची. गच्चीची किल्ली चंद्रप्रकाशांकडे.

“अर्ज द्या,” चंद्रप्रकाश म्हणाले.

“अहो, तीन आठवड्यांचा प्रश्न आहे.”

“म्हणूनच म्हणतो. तीन वर्षांचा असता तर जनरल बॉडी लागली असती. अर्ज द्या, वरच्या मजल्यावरच्या तिघांचं लेखी ‘हरकत नाही’ आणा, आणि पाणी खाली झिरपणार नाही असं वॉटरप्रूफिंगवाल्याचं पत्र आणा.”

रविवारी कमिटीची तातडीची बैठक झाली. विषय क्रमांक एक: सरांचे वाल. विषय दोन, बंद पडलेला पाण्याचा पंप, वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला. ‘गच्ची ही सर्वांची’ या मुद्द्यावर चाळीस मिनिटं चर्चा झाली. कोणाचाही विरोध नव्हता, तरी चर्चा झाली. शेवटी वॉटरप्रूफिंगचं पत्र मागाहून देण्याच्या अटीवर ठराव मंजूर झाला आणि त्याच दुपारी तेजलने पेरणी उरकली. प्रत्येक पिशवीला क्रमांक, प्रत्येक क्रमांकाची तक्त्यात ओळ.

“सर, खाली खिडकीत तो श्रीखंडाचा डबा आहे, त्याला काय नंबर देऊ? शून्य?”

“तो वगळ. त्याची माती कुठली, पाणी किती, काही नोंद नाही. निकाल बिघडवेल.”

“ओके सर.” तिने शून्य लिहून त्यावर काट मारली.

सोमवारी संध्याकाळी वॉटरप्रूफिंगवाला गच्चीवर आला आणि पिशव्यांभोवती फिरून खेदाने मान हलवू लागला. अशी मान हलवणारा माणूस आला की शिवदास मनातल्या मनात खर्चाचा आकडा मांडू लागतो. तेवढ्यात सम्यका धापा टाकत जिना चढून आली.

“पप्पा! पप्पा, आलं!”

“आलेत? बसायला सांग त्यांना, मी आलोच,” शिवदास म्हणाला आणि वॉटरप्रूफिंगवाल्याकडे वळला. “हां, तर स्लॅबचं काय म्हणत होता?”

सम्यका थोडा वेळ उभी राहिली. मग खाली गेली.

मंगळवारी सगळ्या पिशव्या कबुतरांनी उकरून ठेवल्या. अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस. कबुतरांची पद्धत तेजलपेक्षाही काटेकोर निघाली. त्यांनी एकही नमुना वगळला नाही. मग पुन्हा पेरणी झाली. मग जाळी आली. जाळीत तिसऱ्या मजल्यावरच्यांची वाळत घातलेली पैठणी अडकली, ती सोडवताना फाटली, आणि दोन दिवस शिवदास जिन्याऐवजी लिफ्टने आणि लिफ्टमध्ये ते असले की जिन्याने, असा वावरला. पण पुढच्या रविवारपर्यंत कोंब आले. अठ्ठेचाळीसपैकी सेहेचाळीस पिशव्यांत! शिवदासने ग्रुपवर फोटो टाकला. चंद्रप्रकाशांनी अंगठा दाखवला. अकरा वर्षांत आलेल्या त्याच्या कुठल्याही शोधनिबंधाला इतका प्रतिसाद मिळाला नव्हता.

इथे थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण तेजलने कॉलेजात रजेच्या अर्जावर कारण लिहिलं होतं: ‘क्षेत्रकार्य, मुलुंड (गच्ची).’ तो अर्ज प्राचार्यांच्या हाती पडला. प्राचार्यांना समितीला दाखवायला एक ‘उत्तम उपक्रम’ हवाच होता; गेल्या वेळचा उपक्रम, गांडूळखत, गांडुळांनी अर्ध्यावर सोडला होता.

“गजघाटे, हे लपवून का ठेवलंत?” प्राचार्य म्हणाले. “समाजात जाऊन काम! सोसायटीचा सहभाग! आपण याला नाव देऊ. समुदायाधारित द्विदल अंकुरण अभियान.”

“सर, ते माझ्या मुलीच्या शाळेचं...”

“तर मग बालसहभागही! शनिवारी दुपारी तीनला समितीला तिथे नेऊ.”

शनिवारी चार वाजता सम्यकाच्या शाळेत ‘माझं रोप’चं सादरीकरण होतं. शिवदासने हिशेब केला. तीनला समिती, पाऊण तासात चहा, रिक्षाने शाळा दहा मिनिटं. कागदावर पाच मिनिटं उरतही होती. त्याने घरी सांगून टाकलं, “चारला मी शाळेत. नक्की.”

“शिक्का मारून दे,” सपना म्हणाली.

गुरुवारी तो दशरथला घेऊन गच्चीवर गेला. समिती येणार म्हणजे टापटीप हवी. कोपऱ्यात जुन्या टायल्स, फुटकी बादली, कोणाकोणाच्या मेलेल्या कुंड्या, बरंच काय काय पडलं होतं. शिवदासच्या कानाला फोन होता. पलीकडे प्राचार्य बॅनरवरच्या अक्षरांचा आकार ठरवत होते. फोनवर हात ठेवून तो दशरथला म्हणाला, “ज्याला नंबर नाही, ते सगळं फेकून दे.”

“सगळं?”

“सगळं.”

शनिवारी समिती साडेतीनला आली. तिघे जण. शांताबाईंनी उरलेल्या वालांचं बिरडं केलं होतं, ते खाताना समितीचा कागदपत्रांतला रस कमी झाला. त्यामुळे प्राचार्य खूष होते. तेजलने तक्ते दाखवले. चंद्रप्रकाशांनी ठरावाची प्रत दाखवली. पावणेचार वाजले. शिवदास चपला घालायच्या बेतात असताना समितीचे अध्यक्ष, एक किडकिडीत, फारसे न बोलणारे गृहस्थ, पिशव्यांकडे बघत म्हणाले, “सगळं छान आहे. पण तुलनेला काय ठेवलंय? एखाद्या मुलाने आपलं घरी, साधं, जसं जमेल तसं लावलेलं एखादं रोप? खरं म्हणजे तेच बघायचं असतं.”

“होतं सर,” तेजल हळूच म्हणाली. “श्रीखंडाच्या डब्यात. नमुना शून्य. पण ते... वगळलं होतं.”

“हां, तो डबा!” दशरथला आठवलं. “मस्त दोन-चार पानं आली होती त्याला. इथेच तर होता, टाकीच्या बाजूला. तुम्हीच बोललात ना सर, नंबर नाय ते फेक. मी विचारलं पण, सगळं?”

शिवदासने टाकीच्या बाजूला बघितलं. तिथे ओल्या मातीचा एक गोल डाग होता.

“गच्चीवर कसा आला तो?” त्याने विचारलं.

“पोरगीच घेऊन आली ना. रोज यायची. तुम्ही असायचात तिथेच.”

त्यानंतर अध्यक्षांनी आणखी तीन प्रश्न विचारले. त्यांची उत्तरं प्राचार्यांनी शिवदासला द्यायला लावली, आणि ती तो कशी देत होता हे त्याला आजही आठवत नाही. रिक्षा मिळाली तेव्हा पाच वाजत आले होते.

शाळेत खुर्च्या उचलून ठेवायचं काम चाललं होतं. टेबलांवर रोपं होती. कोणाचा मूग, कोणाची मेथी, एकाचा तर चक्क फणस. पाटीवर ‘सम्यका गजघाटे’ लिहिलेल्या टेबलावर नुसती वही होती. शेजारी सम्यका आणि सपना, दोघी पाठीला पाठ लावल्यासारख्या एकाच खुर्चीवर बसल्या होत्या. सपनाने त्याच्याकडे बघितलं. सर म्हणालीसुद्धा नाही.

“या ना!” वर्गशिक्षिका शर्मिष्ठा मॅडम मनापासून म्हणाल्या. “तुमचं खरंच कौतुक आहे हं. बाकी पालकांच्या मागे लागून लागून सह्या घ्याव्या लागतात. तुमचे एकवीसच्या एकवीस दिवस पूर्ण. वर्गात ही एकच वही अशी आहे.”

शिवदासने वही उघडली.

*दिवस १. आज वालाचं बी लावलं. सोबत मम्मी होती. पप्पाला डायऱ्या होत्या.*
खाली जांभळ्या शाईत: समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

*दिवस ६. अजून काही नाही. शांताबाई आजी म्हणाल्या पाणी कमी. दशरथकाका म्हणाले पाणी जास्त. मी मधलं घातलं.*
समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

*दिवस ९. आलं!!! मी पळत जाऊन पप्पाला सांगितलं. पप्पा म्हणाला, बसायला सांग. मी डब्याला सांगितलं.*
समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

*दिवस ११. दोन पानं. खिडकीत पप्पाला दिसत नाही म्हणून डबा गच्चीवर नेला. पप्पा रोज तिथे असतो.*
समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

*दिवस १४. आज पप्पा पाच मिनिटं डब्याच्या शेजारी उभा होता. फोनवर होता. पण शेजारी होता.*
समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

*दिवस १९. डबा नाही. दशरथकाका म्हणाले सरांनी फेकायला सांगितला. मी कचऱ्याच्या गाडीपर्यंत गेले होते. ती गेली होती.*
समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

*दिवस २०. आज बघायला काही नव्हतं. तरी गच्चीवर जाऊन आले. चित्रात जागा मोकळी सोडली आहे.*
समाधानकारक. अशीच प्रगती राहो.

शेवटचं पान सकाळी लिहिलेलं असावं, कारण अक्षर घाईचं होतं.

*दिवस २१. आज पप्पा येणार आहे. नक्की म्हणाला आहे.*

त्याखाली त्याचीच सही होती. वळणदार, ठसठशीत, तीन आठवड्यांपूर्वीची. शिक्का किंचित तिरका पडला होता.

घरी जाताना रिक्षात तिघं मागे बसले, सम्यका मध्ये. रिक्षावाल्याने रेडिओ लावला नाही. टोलनाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिग्नल लागला तेव्हा शिवदासने घसा साफ केला.

“सम्यका. आपण... दुसरं बी लावू या का? आपण दोघं. शाळेसाठी नाही, असंच.”

“लावू या ना!” ती लगेच म्हणाली. तिच्या आवाजात रुसवा शोधायचा त्याने प्रयत्न केला, पण नव्हता. तो असता तर बरं झालं असतं. “रोज बघायचं?”

“रोज.”

“सोबत?”

“सोबत बसून.”

सम्यकाने दप्तरातून वही काढली. मागचं कोरं पान उघडलं, मांडीवर धरून पट्टीशिवाय जमेल तशी एक चौकट आखली, वर ‘दिवस १’ लिहिलं. मग पेन त्याच्यापुढे धरलं. अगदी समजूतदारपणे, मेंटीला मार्गदर्शन करावं तसं.

“मग पप्पा, तू सही आत्ताच करून ठेव. नंतर तुला वेळ नसतो.”

सपना बाहेर बघत राहिली. सिग्नल सुटला. शिवदासने पेन घेतलं. आयुष्यात हजारो सह्या केलेला तो हात चौकटीवर गेला आणि तिथेच थांबला. घर आलं, मीटर थांबला, सपना पैसे देऊन उतरली, तरी तो तसाच बसून होता.

“पप्पा,” सम्यका म्हणाली, “रिक्षावाल्या काकांना जायचंय.”